तुमची लुंगी, त्यांची सायकल

चपला दाराबाहेर. मनगटावरचं घड्याळ खिशात टाका, नाहीतर इथला मुकादम मेहता विचारेल, माग चालवणाऱ्याकडे हे कुठून आलं. शर्ट खुंटीला लावा आणि शेजारच्या खुंटीला तुमची मराठीही टांगून ठेवा. पुढची बरीच वर्षं ती फक्त रेशन दुकानात आणि पोलीस चौकीत लागणार आहे. आता अंगात जाळीची बनियान, कमरेला चौकड्यांची लुंगी. साल 1995, महिना फेब्रुवारी, गाव भिवंडी. तुमचं वय एकोणीस. आझमगडच्या बाजूच्या एका खेड्यातून तुम्ही परवा कल्याणला उतरलात, आणि ज्या चाचाच्या भरवशावर आलात त्याने हातपाय धुवायलाही वेळ न देता तुम्हाला या पत्र्याच्या शेडपाशी आणून उभं केलंय. इथे याला कारखाना म्हणतात.

चला आत.

पाऊल टाकताच वाटेल की कान गेले. इतक्यात जात नाहीत, त्याला पंधरा-एक वर्षं लागतात. दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा, सगळे एकदम चालू. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, तिकडून इकडे, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि प्रत्येक फेकीचा खटका तुमच्या दाढेत लागतो. चाचा ओठ हलवतो. तुम्हाला काही कळत नाही. शेडमधल्या बाकी सगळ्यांना कळतं आणि ते हसतात. महिनाभरात तुम्हीही ओठ वाचायला शिकाल. तोवर काम बघून घ्या: तुटलेला धागा बोटाने शोधायचा, गाठ मारायची, संपलेली कांडी काढून भरलेली घालायची, आणि हे सगळं करताना लुंगीचं टोक मशीनच्या पट्ट्यात जाऊ द्यायचं नाही. सूत सुकलं की तुटतं, म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. वर पत्रा तापलेला, पायाखाली चिखल, मधे तेलाचा आणि सायझिंगच्या खळीचा आंबूस वास. दुपारपर्यंत तुमच्या भुवया पांढऱ्या होतात. नाक शिंकरलं तर कापूस निघतो.

पाणी मागू नका. रोजे चालू आहेत.

बारा तासांनी बाहेर पडलात की रस्ता विचित्र शांत वाटेल. रस्ता शांत नाही हो. वंजारपट्टी नाक्यावर रिक्षा एकमेकींच्या अंगावर चढल्यात, हातगाडीवर सुताचे बीम लादून दोन माणसं ओरडत वाट काढताहेत, आणि मगरिबची अजान होऊन सगळं गाव एकाच वेळी खजूर तोंडात टाकतंय. तुम्हीही टाका. मग पाणी, मग भजी, मग चण्याची घुगणी, आणि मग ती पोटात पसरणारी सुस्ती. जेवण बिसीत. बिसी म्हणजे कुणा बाईने घरातच चालवलेली खाणावळ: भिंतीला टेकून बसलेले पंचवीस-तीस कामगार, डाळ, भात, जाड रोट्या, आणि खिळ्याला लटकवलेली वही. तुमचं नाव वहीत चढलं की तुम्ही भिवंडीचे. सरकारदरबारी अजून कुणाचेच नाही, पण तो विषय पुढे येतो.

झोपायच्या खोलीत नावं आठ, अंथरुणं चार. रात्रपाळीवाला उठून जातो, तुम्ही त्याच्या गोधडीत शिरता. ती अजून गरम असते.

पण आज झोपू नका. निवडणूक आहे.

तुम्ही मराठी वाचक, त्यामुळे ‘समाजवादी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खादीचा झब्बा येणार, शबनम पिशवी येणार, सेवा दलाचं शिबिर, साने गुरुजी, एसेम जोशी, नानासाहेब गोरे. इथे त्यातलं काहीही मिळणार नाही. हा समाजवादी पक्ष जेमतेम अडीच वर्षांचा आहे, 1992 च्या ऑक्टोबरात लखनौला मुलायमसिंह यादवांनी काढलेला. पुण्याच्या समाजवाद्यांशी त्याचं नातं आहे ते लोहियांकडून, आणि तेही लग्नाकार्यात आठवण्यापुरतं. लाल टोप्या, लाल-हिरवे झेंडे, चिन्ह सायकल. तुमच्या बापाकडे गावी सायकलच आहे. आणि समोरच्या खांबावर, परक्या मुलखात, ज्या भाषेतलं तुम्हाला धड वाचता येत नाही अशा दहा कागदांमध्ये ती एक सायकल दिसते. पक्षाचा जाहीरनामा तुम्ही आयुष्यात वाचणार नाही. गरजही पडणार नाही.

सभा गल्लीच्या तोंडाशी. वक्ता दर तिसऱ्या वाक्याला शेर टाकतो. भिवंडी मुशायऱ्यांचं गाव, इथे गद्यात भाषण केलं तर लोक उठून जातात. दाद माईकपेक्षा मोठी. गर्दीत अत्तर, घाम, बिडी आणि तळणीचा वास एकमेकांत मिसळलेले. एका गोष्टीबद्दल मात्र कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि सगळे तिच्यासाठीच आलेत: दोन हिवाळ्यांपूर्वी मुंबई जळत होती. भिवंडी जळली नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी ज्या गावाचं नाव देशभर खराब केलं, ते गाव त्या वेळी जागचं हललं नाही. चाचा तुम्हाला कोपराने ढोसून चहाच्या टपरीसमोरचा बाक दाखवतो: मोहल्ला कमिटी इथे बसायची. सुरेश खोपडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने गल्लोगल्ली दोन्हीकडची माणसं एकत्र बसवली होती, शिंपी, दूधवाला, मागवाला, आणि सोबत एक हवालदार. त्या बाकावर बसलेल्यांतले निम्मे आज या सभेत आहेत. उरलेले निम्मे धनुष्यबाणाच्या. उद्या सकाळी चहा मात्र एकाच टपरीवर.

दहा वाजले. भोंगा एका झटक्यात बंद. दिल्लीत शेषन नावाचे कुणी साहेब आहेत, त्यांना म्हणे भिवंडीतला भोंगाही ऐकू जातो. पण आचारसंहिता भोंग्याला असते, चहाला नसते. खरा प्रचार आता सुरू होतो आणि सहरीपर्यंत चालतो. पहाटे तीनला कुणीतरी डबा वाजवत झोपलेल्यांना उठवत जातो, आणि जागे असलेले त्याला सांगतात, अरे बाबा, आम्ही अजून झोपलोच कुठे.

मतदानाच्या दिवशी तुम्ही काय करता? माग चालवता. तुमचं मत नाही. तुमचं नाव गावाकडच्या यादीत येईल तेव्हा येईल. शेडमधल्या बहुतेकांचं हेच: लाखो माग चालवणारे हात इथे, मतं गंगेकाठी. चाचाच्या बोटाला मात्र शाई आहे. तुम्ही विचारता, तुला कसं मिळालं? तो तुमच्याकडे दयेने पाहतो. “पहले बीवी आएगी,” तो बोटं मोजतो, “फिर खोली, फिर राशन कार्ड. तब जाके वोट.” भिवंडीच्या राजकारणावर तुम्ही नंतर पुष्कळ ऐकाल, टीव्हीवरही ऐकाल, पण यापलीकडचं कुणी फारसं सांगणार नाही. इथे पक्ष वाढतो तो सभांनी नव्हे. गावाहून बायका येतात, चुली पेटतात, पोरं शाळेत जातात, तसतसा तो यादीत चढतो.

ईद होऊन गेल्यावर निकाल लागतो. महाराष्ट्रभरात सायकलला तीन जागा, त्यांतली एक भिवंडी. रस्त्यावर येताच कुणीतरी तुमच्या तोंडाला गुलाल फासतो, भुवयांवरचा कापूस गुलाबी होतो, आणि मत नसलेला तुम्ही मत असलेल्यांच्या खांद्यावर बसून तीन बत्तीपर्यंत जाता.

आता थोडं पुढे सरका. फार नको, पाचेक वर्षांच्या उडीत तसंही काही हाती लागणार नाही. 1999 ला ती जागा काँग्रेसकडे गेली. कशी गेली ते तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही गावी होतात, स्वतःच्याच लग्नात. 2004 ला ती शिवसेनेने घेतली आणि सायकल राज्यात कुठेच निवडून आली नाही. पण पडझड बघायला आकड्यांत जाऊ नका. शेडमध्ये या.

काय ऐकू येतंय? काहीच नाही. लाइट गेलीय.

हे भारनियमनाचे दिवस. माग थांबला की आधी पट्टा थोडा सरकतो, मग धोटा मधेच अडकतो, मग छतातला पंखा. त्यानंतरची शांतता तुम्ही नऊ वर्षांत कधी ऐकली नव्हती. चिमण्या ऐकू येतात. लांब कामवारीच्या पुलावरून जाणारा ट्रक गिअर बदलतो तो ऐकू येतो. सुरुवातीला मजा वाटते. कामगार पायरीवर बसतात, कुणी पत्ते काढतो, कुणी तिथेच लवंडतो. दुसऱ्या तासाला मजा संपते, कारण मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते, आणि बंद माग मीटर मोजत नाही. पद्मानगरकडचा तेलुगू जॉबर, मागांचा मिस्त्री, येऊन बसतो, त्याच्याही हाताला काम नाही. तुम्ही त्याला अन्ना म्हणता, तो तुम्हाला भाई म्हणतो, आणि दोघे मिळून वीज मंडळाला जे म्हणता ते इथे छापता येणार नाही.

तेलाचे हात पुसायला मेहता एक फडकं फेकतो. बघा नीट. अर्धं लाल, अर्धं हिरवं. नऊ वर्षांपूर्वी हे गल्लीच्या तोंडाशी फडकत होतं. सुती आहे, तेल छान शोषतं. पक्षाच्या कचेरीचं शटर अर्धं ओढलेलं, आत एका खुर्चीवर टोप्यांचं बोचकं आणि एक म्हातारा पेपर वाचत. नमस्कार केलात तर तो चहा मागवतो. पाणी का येत नाही असं विचारलंत तर आणखी एक चहा मागवतो.

घरी जा. हो, आता घर आहे, शांतीनगरात दहा बाय बाराची खोली, पोटमाळा. बायको आली. गेल्या पावसाळ्यात मुलगी झाली, मेणबत्तीच्या उजेडात. बायकोने आल्या आल्या जे तुम्हाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते एका वर्षात केलं: रेशन कार्ड. कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कुणाला भाऊ म्हणायचं, कुठल्या साहेबाला मराठीत विचारलं की तो वर बघतो, हे तिला आठवड्यात कळलं. खुंटीवरची ती मराठी आता घरात तीच वापरते.

2007 च्या जानेवारीत गावाचं वीज वितरण फ्रँचायझी तत्त्वावर एका खासगी कंपनीकडे गेलं. देशातला हा अशा तऱ्हेचा पहिलाच प्रयोग, आणि तो करायला भिवंडी निवडली. लाइट राहू लागली. मग बिलं आली. नाक्यावर दोन माणसं भेटली की सलाम-नमस्काराच्या आधी बिलं काढून एकमेकांना दाखवत. राजकीय पक्षाला याहून सुपीक जमीन कुठली?

ऑक्टोबर 2009. उन्हाची तिरीप डोळ्यांत घुसणारी, दिवाळी तोंडावर. तुमच्या खिशात मतदार ओळखपत्र आहे. त्यावरचा फोटो तुमच्या मोठ्या भावासारखा दिसतो आणि वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त आहे, पण पत्र्याच्या त्या शेडपासून इथवर यायला चौदा वर्षं लागली, तेव्हा अक्षरावरून वाद घालू नका. मतदारसंघांची फेररचना झालीय: एका भिवंडीच्या आता पूर्व, पश्चिम आणि ग्रामीण अशा तीन. सायकलवाल्यांचा प्रदेशाध्यक्ष अबू आसिम आझमी स्वतः पूर्वेतून उभा आहे. आझमी म्हणजे आझमगडचा, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

मिरवणुकीत शिरा. उघड्या जीपच्या मागे शंभर-दीडशे मोटारसायकली, सायकल मात्र एकच, तीही टेम्पोवर बांधलेली. फटाक्यांच्या माळा पायांशी सोडतात, धुराने डोळे चुरचुरतात, वरच्या सज्ज्यातून बायका फुलं टाकतात आणि त्याबरोबर कधी मुलाची चप्पलही पडते. डेगमधली बिर्याणी उघडली की मिरवणूक जागेवर विरघळते. भाषणात वीज, पाणी, वीज, रस्ते, पुन्हा वीज. तुमच्या शेजारी उभा असलेला कोकणी मुस्लिम मास्तर, सात पिढ्यांचा भिवंडीकर, कानात म्हणतो, “मुंबईचे आहेत. आज आले, उद्या जातील.” त्याची मराठी तुमच्यातल्या वाचकाच्या मराठीहून शुद्ध आहे. तुम्ही त्याच्याकडे लक्ष देत नाही. द्यायला हवं होतं.

13 तारखेला रांगेत दोन तास. शाळेच्या वर्गात खडूचा आणि घामाचा वास. बोटाला शाई. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र, सायकल शोधा, बटण दाबा. आणि उभे राहा. तुम्ही उभेच आहात. मागची रांग कुरकुरते. मतदान अधिकारी हातवारे करतो, जा, झालं! यंत्राने बीप केला म्हणे. तुम्हाला ऐकू आला नाही. चौदा वर्षं मागावर काढलेल्या माणसाला तो पातळ आवाज ऐकू येत नाही, आणि तुमच्या मागच्यालाही येणार नाही. अधिकारी एव्हाना सरावलाय. लुंगीवाला आत गेला की तो आपोआप हात वर करून ठेवतो.

22 ला निकाल. पूर्व सायकलची, पश्चिमही सायकलची. राज्यभरातल्या चार जागांपैकी दोन या एका गावाच्या. यंदाचा गुलाल तुमच्या हक्काचा, निदान तुम्हाला तसं वाटतं.

अठरा दिवसांनी टपरीवर या. टीव्ही लावलाय, माणसं रस्त्यापर्यंत. विधानसभेत शपथविधी. तुमचे आमदार हिंदीत शपथ घेतात, मनसेचे आमदार त्यांच्यावर धावून जातात, ढकलाढकली, मारहाण, माईक ओढला जातो. चार जणांचं निलंबन होतं. वृत्तवाहिनी तीच दृश्यं दिवसभर फिरवते. टपरीतली माणसं काय म्हणतात? तावातावाने बोलतात, हो. पण तेवढ्यात कोपऱ्यातला एक आगरी पोऱ्या, रोज तुमच्यासोबत कटिंग पिणारा, उठून पैसे ठेवून जातो. काही न बोलता. दोघांचाही दोष नाही आणि दोघांनाही उद्या कसं बोलावं ते कळत नाही. दिल्ली-मुंबईच्या चर्चांमध्ये या घटनेवर तासन्‌तास खर्ची पडले. भिवंडीत तिची किंमत टपरीवरच्या त्या मोकळ्या झालेल्या जागेएवढी. आठवड्याने तो पुन्हा येऊन बसला. चहाचे पैसे त्या दिवशी तुम्ही दिलेत.

खरा फटका वेगळाच होता. आझमी दोन ठिकाणी उभे होते आणि दोन्हीकडे निवडून आले होते, इथे आणि मुंबईत मानखुर्द-शिवाजीनगरात. कायद्याने एक सोडायची. त्यांनी भिवंडी सोडली.

तुम्हाला हे बिसीत कळतं. कुणीतरी सांगतो आणि घास तोंडाशी थांबतो. वहीवाली बाई, आता तिचे केस पांढरे झालेत, रोटी शेकता शेकता म्हणते, “मेरा भी एक कस्टमर था, दो बिसी में नाम लिखाया था.” बाकी काही नाही. पोटनिवडणूक लागली, पक्षाने आझमींच्याच मुलाला उभं केलं, आणि शिवसेनेचे रूपेश म्हात्रे निवडून आले. 2014 ला पूर्व पुन्हा म्हात्रेंची, पश्चिम भाजपच्या महेश चौघुलेंची, आणि सायकल राज्यात एका मानखुर्दपुरती. माझं मत विचाराल तर समाजवाद्यांना भिवंडीत कुठल्याही विरोधकाने हरवलं नाही. त्यांनी या गावाला पाहुण्यांची खोली समजून वापरलं: निवडणुकीला गादी घालायची, मग कुलूप.

पुढची काही वर्षं मी तुम्हाला भराभर ओढून नेतो, तिथे रमावं असं काही नाही. 2016 ची ती नोव्हेंबरची रात्र: पंधरवड्याचा पगार हातात, पाचशेच्या नोटा, आणि टीव्हीवर त्या चालणार नाहीत असं जाहीर होतंय. मागवाल्याकडे सुताला रोकड नाही, सुताविना माग नाही, मागाविना बिसी नाही. वही भरत चाललीय आणि चुकती होत नाही. महिन्याभरात अर्धी पंगत गावी. पुढच्या मे महिन्यात महापालिकेची निवडणूक, 90 पैकी 47 काँग्रेसकडे. सायकलचे किती, हे विचारायला तुम्ही कचेरीपाशी गेलात तर तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

2019. पुन्हा ऑक्टोबर, या वेळी पाऊस जायला तयार नाही, रस्त्यावरचे खड्डे पाण्याने काठोकाठ. पूर्वेत सायकलवर रईस शेख. हेही मुंबईचे, तिथले नगरसेवक. मास्तर आता निवृत्त आहेत, तेच वाक्य पुन्हा म्हणतात. पण तुम्ही पाहता की प्रचाराची रीत बदललीय: शेर कमी, अर्ज जास्त. पोरं टॅब घेऊन दारोदार फिरतात, कुणाचं कार्ड अडलंय, कुणाचा नळ. 24 ला मतमोजणी. टपरीवर टीव्ही नको, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येकाचा फोन वेगळाच आकडा सांगतो. एका फेरीत सेना पुढे, दुसरीत सायकल. चहावाल्याने दूध तीनदा आणवलं. संध्याकाळी कळतं: सायकल, तेराशे-एक मतांनी. शांतीनगरातल्या एका गल्लीत याहून जास्त माणसं राहतात. पश्चिम भाजपकडेच. ढोल वाजतात, पण वाजवणाऱ्यांनाही अजून विश्वास बसलेला नाही, ठेका चुकतो.

पाच महिन्यांनी माग पुन्हा थांबतात, आणि या वेळी लाइट असून. टाळेबंदी. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटते, रात्री उशिरा. तुम्ही फाटकापाशी उभे आहात, तोंडाला लुंगीचाच फडका. आत रांगेत तोंडं झाकलेली तुमच्याच शेडमधली पोरं, हातात पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा. एक ओरडून विचारतो, तुम्ही नाही येत? तुम्ही ओठ वाचून ओळखता आणि हातानेच नाही म्हणता. कुठे जाणार? गावच्या यादीतून तुमचं नाव केव्हाच कटलंय.

आता 2024. लुंगी राहू द्या, पण मुलीने पँट आणून दिलीय, बाहेर जाताना ती घाला. मेट्रोचे खांब उभे राहिलेत, त्यांच्याखाली धूळ आणि कंटेनर. गावाबाहेर मैलभर लांबीची गोदामं. तुमच्या शेडमधली निम्मी पोरं तिथे खोकी उचलतात, कारण तिथे पंखा आहे आणि कापूस नाही. तुमच्या शेडमध्ये निम्मे माग भंगारात गेले. राहिलेल्यांवर तुम्ही आहात.

मुलगी वीसची होत आली. मेणबत्तीच्या उजेडातली तीच. कॉलेजला जाते, बापाशी बोलताना आवाज चढवते. राग नसतो त्यात, तुमच्या कानांना तेवढाच पोहोचतो. एप्रिलमध्ये आमदारांनी पक्षाच्या नेतृत्वावर नाराज होऊन राजीनामा दिला, कार्यकर्ते रस्त्यावर आले, राजीनामा मागे घेतला गेला. टपरीवर यावर दोन दिवस गेले: माणूस मोठा की सायकल? मुलगी म्हणाली, “अब्बा, नळाला विचारा.” बायकोच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पंधराशे आलेत, तिचं मत ती सांगत नाही. मुलगीही नाही. 20 नोव्हेंबरला तिघं एकत्र रांगेत उभे राहता, बाहेर येऊन तिघं शाई दाखवत फोटो काढता, आणि कुणी कुणाला विचारत नाही. बीप झाला हे तुम्हाला मुलीने बाहेरून हात हलवून सांगितलं.

23 ला दुपारीच फटाके. फरक पन्नास हजारांच्या वर. पश्चिम अजूनही भाजपचीच, राज्यात सायकलच्या जागा दोनच, पण आज ते कुणाला आठवायचंय? मिरवणूक तुमच्या गल्लीत वळते. डीजेचा दणका छातीत लागतो, कानात नाही. गुलाल, मोबाइलचे दिवे, लाल टोपीतली पोरं जिन्याजिन्यावर. एक कार्यकर्ता, पांढरा कडक कुर्ता, पुढे येऊन तुम्हाला मिठी मारतो, चाचा, आप की दुआ! मागच्या पाच-सहा जणांनीही मिठी मारून घेतली. मुलगी दारातून उतरते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. गल्लीतल्या पाण्याच्या जोडणीचा अर्ज, मराठीत टाइप केलेला, खाली चाळीस-एक सह्या आणि अकरा अंगठे.

“दीदी, आज तो जश्न है,” तो कागद खिशात घालू लागतो. “कल ऑफिस में...”

“तो तुमचा. हा दुसरा आहे,” ती पिशवीतून दुसरी प्रत काढून त्याच्यापुढे धरते, वर पेन. “याच्यावर पोच द्या. तारीख टाकून.”